सांडपाण्याचा पुनर्वापर आणि गोड्या पाण्याची बचत

पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी सुमारे ९७.५ टक्के पाणी खारे आहे. उरलेल्या अडीच टक्के गोड्या पाण्यापैकी दोन तृतीयांशाहून अधिक बर्फात अडकलेले आहे आणि बाकीचे बहुतेक भूगर्भात आहे. नद्या आणि तलाव मिळून जे पाणी डोळ्यांना दिसते, ते गोड्या पाण्याच्या एक टक्क्याहूनही कमी भरते. जगाच्या लोकसंख्येपैकी जवळपास १८ टक्के लोक भारतात राहतात. गोड्या पाण्यातला भारताचा वाटा मात्र सुमारे ४ टक्के आहे. त्यातही पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने धरणे, तलाव व विहिरी यांच्या भरवशावर काढावे लागतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी हा भरवसाही उरत नाही. २०१३ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले.

अशा टंचाईच्या काळातही शहरात एक स्रोत रोज वाहत असतो, तो म्हणजे सांडपाणी. पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम असल्यामुळे शहराचा पुरवठा सर्वांत शेवटी घटतो आणि म्हणून सांडपाण्याचा ओघही सहसा आटत नाही. हे पाणी स्वच्छ करून पुन्हा वापरणे याला पुनर्वापर म्हणतात. त्याने गोड्या पाण्याची किती बचत होते हे तीन गोष्टींवर ठरते: पाणी कोणत्या प्रतीपर्यंत शुद्ध केले, ते कोणत्या कामाला दिले आणि त्या कामासाठी पूर्वी उचलले जाणारे गोडे पाणी खरोखर धरणात किंवा नदीत राहिले का.

सांडपाणी किती आणि कसे

शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते, असे मानतात. म्हणजे माणशी शंभर लिटरहून जास्त पाणी रोज गटारात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्षात शुद्ध होणारे पाणी होते फक्त २०,२३५ दशलक्ष लिटर, म्हणजे एकूण सांडपाण्याच्या २८ टक्के. महाराष्ट्रात ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी आणि ६,८९० दशलक्ष लिटरची उभारलेली क्षमता नोंदवली गेली. देशातील शहरांचे वर्षभराचे सांडपाणी एकत्र केले, तर ते नऊशे टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर जाते. उजनी धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. म्हणजे हे पाणी उजनीएवढी जवळपास आठ धरणे भरेल.

मैलापाणी दिसायला कितीही घाण असले तरी त्यात ९९.९ टक्के पाणीच असते. उरलेल्या अंशात सेंद्रिय पदार्थ, नत्र, स्फुरद, विरघळलेले क्षार, साबण, तेलकटपणा आणि रोगजंतू असतात. कारखान्यांचे पाणी मिसळले असेल, तर जड धातू आणि रसायनेही येतात. घरातल्या सांडपाण्याचेही दोन प्रकार पडतात. न्हाणी, बेसिन आणि कपडे धुण्याचे पाणी कमी दूषित असते. त्याला करडे पाणी म्हणतात. शौचालयाचे पाणी म्हणजे काळे पाणी. हे दोन प्रवाह सुरुवातीपासून वेगळे ठेवले, तर करडे पाणी थोड्या खर्चात पुन्हा वापरता येते. एकदा मिसळले की सगळ्याच पाण्यावर जास्त खर्चाची प्रक्रिया करावी लागते.

शुद्धीकरणाचे टप्पे

मैलाशुद्धीकरण केंद्रात पाणी प्रथम जाळ्यांतून जाते. तेथे चिंध्या, प्लास्टिक आणि मोठा कचरा अडकतो. पुढच्या टाकीत वाळू व खडे खाली बसतात. निवळण टाकीत पाण्याचा वेग कमी केला की जड गाळ तळाशी जातो. हा प्राथमिक टप्पा झाला.

दुसरा टप्पा जैविक असतो. टाकीत हवा सोडून जिवाणूंची वाढ केली जाते. हे जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातात, त्यांचे पुंजके बनतात आणि पुढच्या टाकीत ते गाळ होऊन बसतात. त्या गाळाचा काही भाग पुन्हा हवेच्या टाकीत सोडला जातो, म्हणजे जिवाणूंची फौज कायम राहते. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डन आणि लॉकेट यांनी ही पद्धत १९१४ मध्ये मांडली. आजची बहुतेक केंद्रे तिच्याच सुधारित रूपांवर चालतात. नवी मुंबईसारख्या शहरांत एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणे, निवळणे आणि पाणी काढणे या गोष्टी केल्या जातात; त्यामुळे जागा कमी लागते. सेंद्रिय दूषितता मोजण्याचे माप म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणी, रोजच्या बोलीत बीओडी. कच्च्या मैलापाण्यात ती लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. नीट चाललेल्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ती १० च्या आसपास किंवा त्याखाली आणता येते.

तिसऱ्या टप्प्यात वाळूचे किंवा बारीक छिद्रांच्या पटलांचे गाळण, क्लोरीन, ओझोन किंवा अतिनील किरणांनी निर्जंतुकीकरण आणि गरजेनुसार नत्र व स्फुरद काढणे येते. विरघळलेले क्षार मात्र यातल्या कशानेही जात नाहीत. त्यासाठी दाबाने पटलातून पाणी ढकलणारी रिव्हर्स ऑस्मॉसिस, म्हणजेच आरओ प्रक्रिया लागते. ती विजेला महाग आहे आणि तिच्यातून साधारण १५ ते २५ टक्के पाणी क्षारयुक्त टाकाऊ पाणी म्हणून बाहेर पडते. या पाण्याची विल्हेवाट लावणे हा समुद्रापासून दूर असलेल्या शहरांपुढचा वेगळाच प्रश्न आहे.

प्रत्येक टप्प्याला पैसा आणि वीज लागते. म्हणून पुनर्वापराचा पहिला नियम असा की कामाला लागेल तेवढेच पाणी शुद्ध करावे. बागेला, शौचालयाला किंवा बांधकामाला आरओचे पाणी देणे हा अपव्यय आहे. आणि अर्धवट शुद्ध पाणी भाजीपाल्याला देणे धोक्याचे आहे.

घर, सोसायटी आणि गाव

शहरी वापराच्या १३५ लिटरमध्ये सुमारे ४५ लिटर पाणी शौचालयासाठी धरले जाते. म्हणजे एक तृतीयांश पिण्यायोग्य पाणी फ्लशमध्ये ओतले जाते. येथे प्रक्रिया केलेले पाणी वापरायचे, तर इमारतीत दुहेरी नळवाहिन्या लागतात: एक पिण्याच्या पाण्याची आणि दुसरी, रंगाने स्पष्ट वेगळी, पुनर्वापराच्या पाण्याची. इमारत बांधताना हे काम थोड्या खर्चात होते. नंतर भिंती फोडून करणे फार महाग पडते. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींत स्वतःचे शुद्धीकरण केंद्र उभारणे येते. शहरांतील बऱ्याच गृहसंकुलांत अशी केंद्रे आहेत. त्यांतली अनेक नीट चालत नाहीत, कारण बिल्डरने केंद्र सोसायटीच्या हाती सोपवले की वीजबिल, प्रशिक्षित माणूस आणि गाळाची विल्हेवाट यांचा खर्च रहिवाशांवर येतो. केंद्र बंद ठेवून टँकर मागवणे अनेकदा सोपे वाटते. लहान केंद्रांचा प्रश्न यंत्रांपेक्षा रोजच्या देखभालीचा आहे.

खेड्यांत मैलावाहिन्यांचे जाळे नसते आणि ते घालणे परवडणारेही नसते. तेथे करड्या पाण्याचा निकाल घराजवळच लागला पाहिजे. जलजीवन मिशनमध्ये दरडोई ५५ लिटर नळपाण्याचे उद्दिष्ट आहे आणि त्यातले ६५ ते ७० टक्के करडे पाणी होते, असे मानतात. म्हणजे घरोघरी नळ आला की गल्लीतले सांडपाणीही वाढते. शोषखड्डा आणि सांडपाण्यावरची परसबाग हे त्यावरचे साधे उपाय आहेत. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली आणि त्यामुळे डासांचा उपद्रव आटोक्यात आला. पुढे जिल्ह्यातील इतर गावांनी हीच वाट धरली. शोषखड्ड्याने पाणी जमिनीत मुरते, म्हणून खडकाळ जमिनीत किंवा विहिरीला लागून तो घेताना काळजी लागते. काळे पाणी शोषखड्ड्यात सोडू नये, हे पथ्य तर सर्वत्रच पाळावे लागते.

शेती

पाण्याचा सर्वांत मोठा ग्राहक शेती आहे. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद पिकांना उपयोगी पडतात, त्यामुळे शहरांच्या भोवतालचे शेतकरी पिढ्यानपिढ्या हे पाणी वापरत आले आहेत. कोलकात्याच्या पूर्वेची पाणथळ जमीन हे याचे मोठे उदाहरण आहे. सुमारे १२,५०० हेक्टरच्या या परिसरात शहराचे मैलापाणी उथळ तळ्यांत सोडले जाते. ऊन, शेवाळ आणि जिवाणू ते स्वच्छ करतात, तळ्यांत मासे वाढतात आणि बाहेर पडणारे पाणी भातशेतीला जाते. अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी या व्यवस्थेचा अभ्यास करून तिचे महत्त्व जगापुढे मांडले आणि २००२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

इस्राएलने हीच गोष्ट नियोजनबद्ध रीतीने देशभर उभी केली. तेथे जवळपास ९० टक्के सांडपाणी शेतीसाठी पुन्हा वापरले जाते. तेल अवीव परिसराचे पाणी शाफदान केंद्रात शुद्ध करून वाळूत मुरवले जाते, वाळूच्या थरांतून गाळले गेल्यावर ते उपसले जाते आणि वाहिनीने दक्षिणेकडे नेगेव्हच्या शेतांना पोचवले जाते. शेतकऱ्याला गोड्या पाण्यापेक्षा हे पाणी स्वस्त पडते, म्हणून तो ते घेतो.

पुण्यात मुंढव्याचा जॅकवेल, म्हणजे नदीतून पाणी उपसण्याची विहीर, याच विचारातून बांधला गेला. खडकवासला धरणसाखळीतून शहर जास्त पाणी उचलते. त्याच्या बदल्यात प्रक्रिया केलेले साडेसहा टीएमसी पाणी उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडावे आणि हवेली, दौंड भागातील शेतीला द्यावे, असे ठरले. कल्पना योग्य आहे, पण कालव्यात येणाऱ्या पाण्याची प्रत राखणे ही तिची पहिली अट आहे. नदीत कच्चे मैलापाणी मिसळत राहिले, तर शेतकऱ्याच्या वाट्याला घाणच येते. मुळा-मुठेसाठी जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या अर्थसाह्याने आखलेल्या ११ केंद्रांच्या, एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या योजनेचे महत्त्व इथे आहे.

शेतीतील धोके दोन प्रकारचे आहेत. पहिला रोगजंतू आणि जंतांचा. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठी एकाहून अधिक अडथळे उभे करण्याचा मार्ग सांगतात: काही शुद्धीकरण, ठिबक सिंचन, कच्चे खाल्ले जाणार नाही असे पीक, काढणीपूर्वी काही दिवस पाणी बंद ठेवणे आणि माल धुऊन घेणे. दुसरा धोका जमिनीचा. जैविक प्रक्रियेने क्षार जात नाहीत. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीला असे पाणी वर्षानुवर्षे दिले, तर ती क्षारपड आणि चोपण होते. म्हणून पाण्याबरोबर निचऱ्याची सोय आणि वेळोवेळी मातीची तपासणीही हवी.

उद्योग आणि वीज

उद्योग हा पुनर्वापराचा सर्वांत सोयीचा ग्राहक आहे. त्याला वर्षभर ठराविक पाणी लागते, तो दर देऊ शकतो आणि ठरलेली प्रत मागतो. औष्णिक वीज केंद्रांत सर्वाधिक पाणी शीतमनोऱ्यांतून वाफ होऊन जाते. त्यासाठी पिण्यायोग्य पाण्याची काहीच गरज नसते. नागपूर हे याचे देशातील ठळक उदाहरण आहे. भांडेवाडी येथे शहराचे सांडपाणी १३० आणि २०० दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रांत शुद्ध होते आणि कोराडी व खापरखेड्याच्या वीज केंद्रांना दिले जाते. महानिर्मिती ही राज्याची वीजनिर्मिती कंपनी महापालिकेला त्याचे पैसे देते. वीज केंद्रांसाठी पेंच प्रकल्पातून लागले असते, तेवढे गोडे पाणी पिण्यासाठी आणि शेतीसाठी मोकळे होते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या वीजदर धोरणाने मैलाशुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले.

मुंबईत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स कंपनीने चेंबूरच्या कारखान्यासाठी शहराचे मैलापाणी शुद्ध करून वापरायला २००० च्या सुमारास सुरुवात केली. नवी मुंबई महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोली येथे दररोज प्रत्येकी २० दशलक्ष लिटरचे तिसऱ्या टप्प्याचे शुद्धीकरण उभारून ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला पाणी देण्याची सोय केली. सुरतने २०१४ मध्ये पांडेसराच्या कापड उद्योगासाठी ४० दशलक्ष लिटरचे केंद्र सुरू केले. चेन्नईत २०१९ मध्ये कोडुंगैयूर आणि कोयंबेडु येथे प्रत्येकी ४५ दशलक्ष लिटरची आरओ केंद्रे उद्योगांसाठी चालू झाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्या शहराचे तलाव कोरडे पडले होते.

कारखान्याच्या आत पाणी फिरवत राहणे हा दुसरा मार्ग आहे. तमिळनाडूतील तिरुपूर येथे कपडा रंगवणाऱ्या कारखान्यांनी नोय्यल नदी खराब केली होती. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते बंद करायला लावले. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था झाल्यावरच तेथील काम पुन्हा उभे राहिले. महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांना याहून सोपी संधी आहे. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणी असते. रस आटवताना निघणारी वाफ थंड करून ते पाणी परत वापरले, तर हंगामात बाहेरून फार थोडे पाणी घ्यावे लागते.

भूजल आणि पिण्याचे पाणी

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटी येथे भूजल उपसल्यामुळे समुद्राचे पाणी जमिनीखालून आत शिरत होते. २००८ पासून तेथे मैलापाणी सूक्ष्म गाळण, आरओ आणि अतिनील किरणे यांतून नेऊन जमिनीत भरले जाते. २०२३ मध्ये या प्रकल्पाची क्षमता दररोज सुमारे ४९ कोटी लिटर झाली. काही पाणी किनाऱ्यालगत भरून खाऱ्या पाण्याला अडवते, बाकीचे भूजलात मिसळून पुढे पिण्यासाठी उपसले जाते. कर्नाटकात २०१८ पासून बंगळुरूचे शुद्ध केलेले पाणी वाहिनीने कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. योजनेची क्षमता दररोज ४४० दशलक्ष लिटर आहे. तलाव भरले, कोरड्या विहिरींना पाणी आले. मात्र पाणी दुसऱ्या टप्प्यापर्यंतच शुद्ध केले जाते, त्यामुळे भूजल दूषित होण्याची भीती व्यक्त झाली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भूजल एकदा बिघडले की सुधारायला पिढ्या लागतात. म्हणून पुनर्भरणासाठी पाण्याची प्रत सिंचनापेक्षा कडक हवी.

सांडपाण्यापासून थेट पिण्याचे पाणी करणारे पहिले शहर नामिबियाची राजधानी विंडहूक. वाळवंटाच्या कडेच्या या शहरात १९६८ पासून असे केंद्र आहे आणि २००२ मध्ये नवे केंद्र झाले. सिंगापूरने २००३ मध्ये ‘न्यूवॉटर’ या नावाने सांडपाण्यापासून शुद्ध केलेले पाणी पुरवायला सुरुवात केली. मलेशियातील जोहोर राज्याकडून पाणी घेण्याचा १९६२ चा करार २०६१ मध्ये संपतो, ही त्यामागची निकड. न्यूवॉटर आज सिंगापूरची ४० टक्क्यांपर्यंतची गरज भागवू शकते. त्यातले बहुतेक उद्योगांना जाते आणि थोडे जलाशयात मिसळले जाते. सरकारने पाहुणे व विद्यार्थी यांच्यासाठी माहिती केंद्र उघडले, तपासणीचे निकाल जाहीर केले आणि लोकांचा विश्वास मिळवला. ऑस्ट्रेलियातील टूवूम्बा शहराने मात्र २००६ च्या सार्वमतात असा प्रस्ताव फेटाळला. तंत्र तयार असूनही लोकांची खात्री पटली नाही तर योजना उभी राहत नाही, हे त्यातून दिसले.

खरी बचत कोठे होते

पुनर्वापराचे सगळे आकडे बचतीचे नसतात. मुंबईचे पाणी शंभर किलोमीटरवरून भातसा-वैतरणा खोऱ्यांतून येते आणि वरळी, वांद्रे येथील वाहिन्यांतून तीन किलोमीटरहून आत समुद्रात सोडले जाते. समुद्रात गेलेले पाणी कोणाच्याच उपयोगी पडत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या शहरात पुन्हा वापरलेला प्रत्येक लिटर ही निव्वळ भर असते. मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा येथे एकूण २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सात केंद्रे आखली आहेत. त्यांतून किती पाणी उद्योग, बागा आणि शौचालये यांपर्यंत पोचते यावर त्यांचे मोल ठरेल. खाडीलगतच्या जुन्या मैलावाहिन्यांत खारे पाणी शिरते ही तिथली अडचण आहे. वाहिन्या दुरुस्त केल्या, तर आरओचा खर्च कमी होईल.

आतल्या शहरांचा हिशेब वेगळा आहे. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. ते कोणी न मोजता आधीच सोलापूर जिल्ह्याच्या वापरात आहे. पुण्याने ते सगळे वळवले आणि धरणातून उचलणे कमी केले नाही, तर बचत होणार नाही. फक्त पाण्याचा वाटा एका तालुक्यातून दुसऱ्यात जाईल. येथे पुनर्वापराचा पहिला लाभ म्हणजे नदी स्वच्छ होणे. खरी बचत तेव्हा होते, जेव्हा प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या प्रत्येक कराराबरोबर तेवढे गोडे पाणी कमी उचलण्याची अट येते आणि ती मोजली जाते.

काय लागेल

वितरणाची वाहिनी नसेल, तर केंद्रातून निघालेले चांगले पाणी नदीत किंवा नाल्यात सोडून द्यावे लागते. म्हणून केंद्राची जागा ठरवतानाच ग्राहक ठरवावा लागतो. उद्योगांना मिळणारे धरणाचे पाणी प्रक्रिया केलेल्या पाण्यापेक्षा स्वस्त असेल, तर कोणीही दुसरे पाणी घेणार नाही. दरांतला हा फरक उलटा व्हायला हवा. कारखान्यांचे रासायनिक पाणी शहराच्या मैलावाहिनीत येऊ न देणे, केंद्रांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी दरवर्षी निश्चित निधी ठेवणे, पाण्याची प्रत सतत मोजून जाहीर करणे आणि औषधांचे अंश, प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू यांसारख्या नव्या दूषितांवर लक्ष ठेवणे ही कामे यंत्रे बसवण्याइतकीच महत्त्वाची आहेत. गळती थांबवणे आणि मुळात कमी वापरणे याला पुनर्वापर हा पर्याय नाही. वाचवलेला लिटर शुद्ध करण्याचा खर्चही वाचवतो.

नागपूर, सुरत आणि चेन्नई यांनी आपल्याच देशात दाखवून दिले आहे की तंत्र उपलब्ध आहे, ग्राहक मिळतात आणि पैसाही उभा राहतो. राहिलेले काम आहे ते प्रत्येक शहराने आपल्या सांडपाण्याला पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात स्रोत म्हणून जागा देण्याचे आणि त्या बदल्यात धरणातून किती पाणी कमी घेतले, याचा हिशेब दरवर्षी नागरिकांपुढे ठेवण्याचे.